पस्तिशीतला सेंटर घ्यावा का? एनबीएचे संघ हा हिशेब कसा मांडतात

एनबीएमध्ये, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये, दर जुलैत आणि पुन्हा फेब्रुवारीत एक चर्चा हमखास रंगते. एखाद्या चांगल्या संघाकडे सेंटर (रिंगजवळ खेळणारा, सहसा सर्वात उंच खेळाडू) कमी असतो आणि बाजारात पस्तीस-छत्तीस वर्षांचा, कधीकाळी ऑल-स्टार असलेला सात फुटी माणूस मोकळा, म्हणजे कोणाशी करार नसलेला, असतो. चाहते दोन गटांत वाटले जातात. एक गट त्याची दहा वर्षांपूर्वीची आकडेवारी दाखवतो, दुसरा त्याच्या गुडघ्यांकडे बोट दाखवतो. संघाच्या कार्यालयात मात्र "हा अजून किती चांगला आहे?" या प्रश्नावर फार वेळ जात नाही. तिथे विचारतात: कोणत्या पंधरा मिनिटांसाठी? कोणत्या प्रतिस्पर्ध्याविरुद्ध? आणि मुख्य सेंटर जायबंदी झाला, तर किती दिवस याच्यावर भागेल? या तिन्हींची उत्तरे नसतील, तर नाव कितीही मोठे असो, ती सही महागात पडते.

सेंटरच नसला तर काय होते, ते लॉस एंजेलिस लेकर्सनी २०२५मध्ये पाहिले. फेब्रुवारीत त्यांनी अँथनी डेव्हिस देऊन लुका डॉन्चिच घेतला. डॉन्चिच आला, पण रिंगजवळचा भरवशाचा माणूस गेला. त्याच्या जागी शार्लटचा तरुण सेंटर मार्क विल्यम्स आणायचे ठरले, तो सौदा वैद्यकीय तपासणीत फिसकटला. मग मोकळा झालेला ॲलेक्स लेन घेतला. प्लेऑफमध्ये (हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांत) मिनेसोटासमोर प्रशिक्षक जे. जे. रेडिक शेवटी जवळजवळ सेंटरशिवायच खेळले. पहिल्या चार सामन्यांत गुणांच्या बाबतीत शांत असलेल्या रुडी गोबेअरने ३० एप्रिलच्या पाचव्या सामन्यात २७ गुण आणि २४ रिबाउंड केले (रिबाउंड म्हणजे चुकलेल्या शॉटचा चेंडू पकडणे), आणि लेकर्सचा हंगाम तिथेच संपला. बाकीचे संघ असे सामने पाहतात आणि जुलै उजाडला की फोन फिरवू लागतात.

काय टिकते, काय आधी जाते

सेंटरचे काम इतर जागांपेक्षा उशिरा म्हातारे होते, यात तथ्य आहे. उंची आणि हातांची लांबी कमी होत नाही. वजन वापरून प्रतिस्पर्ध्याला पाठीवर अडवणे, रिबाउंडसाठी जागा पकडणे, स्क्रीन नेमक्या कोनात लावणे, बचावात मागून ओरडून सहकाऱ्यांना सावध करणे ही कौशल्ये तर वयाबरोबर वाढतात. रॉबर्ट पॅरिश १९९७मध्ये शिकागो बुल्सबरोबर विजेता ठरला तेव्हा ४३ वर्षांचा होता. करीम अब्दुल-जब्बार ४२ वर्षांचा होईपर्यंत खेळला. गार्डच्या, म्हणजे चेंडू हाताळणाऱ्या चपळ खेळाडूच्या, जागेवर असे क्वचितच घडते.

पण तीन गोष्टी आधी जातात. पहिली, आडवी चाल, म्हणजे चेंडू घेतलेल्या गार्डसमोर बाजूला सरकत राहणे. दुसरी गोष्ट स्काउट मंडळी मुद्दाम पाहतात: दुसरी उडी. एकदा उडी मारून जमिनीवर आल्यावर लगेच पुन्हा उडता येते का? तिशीआधी ही उडी आपोआप येते, पस्तिशीत पायांना मधे एक श्वास लागतो आणि तेवढ्यात रिबाउंड दुसऱ्याच्या हातात असतो. तिसरी, मागे धावणे. आपला शॉट चुकला की प्रतिस्पर्धी सुसाट निघतो. म्हातारा सेंटर अर्ध्या कोर्टावर असतानाच पलीकडे लेअप (रिंगजवळचा सोपा शॉट) पडलेला असतो. आकडेवारीच्या तक्त्यात या लेअपसमोर त्याचे नाव कुठेच लागत नाही, म्हणून चाहत्यांच्या नजरेतून ही गोष्ट निसटते.

आता ही उतरण सामन्यात कुठे उघडी पडते ते पाहू. एनबीएचे बरेचसे आक्रमण पिक-अँड-रोलवर चालते. सेंटर येऊन आपल्या गार्डच्या बचावपटूच्या वाटेत उभा राहतो (ही झाली स्क्रीन) आणि गार्ड त्या आडोशाने सुटतो. अशा वेळी बचाव करणाऱ्या सेंटरपुढे ढोबळमानाने दोन पर्याय असतात. एक, 'ड्रॉप': मागे सरकून पेंटच्या (रिंगसमोरच्या रंगवलेल्या पट्ट्याच्या) तोंडाशी थांबायचे, रिंग सांभाळायची आणि मधल्या अंतराचा शॉट द्यायचा. दोन, 'स्विच': सरळ त्या गार्डलाच धरायचे. वय झालेला सेंटर स्विच करू शकत नाही. तीन-चार पावलांत गार्ड त्याला मागे टाकतो. म्हणून तो ड्रॉपमध्ये खेळतो, आणि तिथे तो अजून उत्तम असू शकतो. ब्रुक लोपेझ २०२२-२३मध्ये, पस्तिशीच्या उंबरठ्यावर, मिलवॉकीच्या ड्रॉप बचावाचा कणा होता आणि सर्वोत्तम बचावपटूच्या मतदानात दुसरा आला.

ड्रॉपची किंमत कोणाविरुद्ध मोजावी लागते? चेंडू घेऊन धावता धावता तीन पॉइंटर (दूरच्या रेषेबाहेरून तीन गुणांचा शॉट) मारणाऱ्यांविरुद्ध. स्टेफन करी किंवा डॉन्चिचसमोर सेंटर दहा फूट मागे थांबला, तर ती मोकळी जागा म्हणजे आमंत्रणच. त्यामुळे संघ आपल्या परिषदेतल्या (पूर्व-पश्चिम अशा विभागलेल्या लीगच्या आपल्या अर्ध्या भागातल्या) संभाव्य प्रतिस्पर्ध्यांची यादी काढतो आणि प्रत्येक नावापुढे लिहितो: यांच्याविरुद्ध हा माणूस कोर्टावर राहू शकेल की नाही. पाचपैकी तीन ठिकाणी उत्तर "नाही" आले, तर सही करायची की नाही ते तिथेच ठरते.

एक नियम इथे लक्षात ठेवायला हवा. एनबीएमध्ये बचावपटू कोणाला जवळून धरलेले नसताना पेंटमध्ये तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबू शकत नाही. आपल्याकडे शाळा-कॉलेजांत फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) नियमांनी खेळतात, त्यात बचावासाठी हा नियम नाही. म्हणून इथला खेळाडू म्हणतो, "उंच माणसाला रिंगखाली उभा करा की झाले!" एनबीएत त्याला सतत आत-बाहेर करावे लागते, आणि तीच ये-जा पस्तिशीतल्या पायांना थकवते. युरोपात फिबाचे नियम, ४८ऐवजी ४० मिनिटांचा सामना आणि आठवड्याला साधारण दोन-तीन सामने. एनबीएत नको झालेला सेंटर तिकडे आणखी तीन-चार वर्षे मानाने खेळतो, त्याचे कारण बरेचसे हेच.

आक्रमणात वय लपवायचा सर्वात चांगला मार्ग म्हणजे तीन पॉइंटर. लोपेझने कारकिर्दीच्या पहिल्या आठ हंगामांत मिळून फक्त ३ तीन पॉइंटर यशस्वी केले होते. २०१६-१७च्या एका हंगामात १३४ टाकले. त्या बदलाने त्याच्या कारकिर्दीला किमान सहा-सात वर्षे जोडली, असे म्हणायला हरकत नाही. अल हॉरफर्डचेही तसेच. २०२२-२३मध्ये त्याने ४४.६ टक्के तीन पॉइंटर टाकले आणि २०२४मध्ये ३८व्या वर्षी बॉस्टनबरोबर पहिले विजेतेपद मिळवले. उलट ज्याचे सगळे गुण रिंगवर झेपावून डंक करण्यातून, म्हणजे चेंडू वरून रिंगमध्ये ठोकण्यातून, येत होते, त्याची उडी गेली की आक्रमणातले सगळेच जाते. त्यामुळे वय सारखे असले तरी हे दोन सेंटर वेगवेगळ्या दराचे असतात.

हॉवर्डचा धडा

कोणाविरुद्ध खेळवायचे आणि कोणाविरुद्ध नाही, याचे स्वच्छ उदाहरण म्हणजे २०१९-२०चा ड्वाइट हॉवर्ड. आधीच्या हंगामात पाठीच्या शस्त्रक्रियेमुळे तो वॉशिंग्टनसाठी फक्त ९ सामने खेळला होता. ऑगस्ट २०१९मध्ये लेकर्सच्या डिमार्कस कझिन्सच्या गुडघ्याचा लिगामेंट फाटला आणि हॉवर्डला हमी नसलेला करार मिळाला. जमले नाही तर सोडून द्यायचे, पुढे देणे काही नाही. वय ३३, डिसेंबरात ३४. तीन वेळा सर्वोत्तम बचावपटू ठरलेल्या माणसाला काम मात्र ठरवून दिले: स्क्रीन लाव, रिबाउंड घे, रिंग सांभाळ, चेंडू मागू नकोस. त्याने ६९ सामन्यांत सरासरी १९ मिनिटे खेळून ७.५ गुण आणि ७.३ रिबाउंड केले.

प्लेऑफमध्ये काय झाले ते पाहण्यासारखे आहे. दुसऱ्या फेरीत ह्यूस्टन समोर होता. त्यांनी आपला सेंटर विकून ६ फूट ५ इंचांच्या पी. जे. टकरला त्या जागी उभे केले होते आणि पाचही जण बाहेरून शॉट मारत होते. प्रशिक्षक फ्रँक वोगेल यांनी हॉवर्डला जवळजवळ पूर्ण मालिका बेंचवर बसवले. पुढच्या फेरीत डेन्व्हरचा निकोला योकिच आला, अवाढव्य आणि पोस्टमध्ये, म्हणजे रिंगजवळ पाठ करून, खेळणारा. चौथ्या सामन्यापासून हॉवर्ड सुरुवातीच्या पाचांत. अंतिम फेरीत मायामीविरुद्ध पहिले पाच सामने त्यानेच सुरू केले, आणि सहाव्या, निर्णायक सामन्यात वोगेलनी त्याच्या जागी गार्ड ॲलेक्स कारुसोला उतरवले. लेकर्स जिंकले. महिनाभरात एकच माणूस अनावश्यक, अत्यावश्यक आणि पुन्हा अनावश्यक ठरला, आणि त्याने कुरकुर केली नाही. सही करताना संघ या स्वभावाचेही पैसे मोजत असतो. पूर्वी तारा असलेल्या खेळाडूत तो सहज सापडत नाही.

दोन वर्षांनी, २०२१-२२मध्ये, लेकर्सनी हाच प्रयोग हॉवर्ड आणि डिआंड्रे जॉर्डन या दोघांना घेऊन पुन्हा केला. हंगाम ३३ विजय आणि ४९ पराभवांवर संपला. दोष एकट्या सेंटरांचा नव्हता. पण भोवतालचा संघही म्हातारा आणि मंद झाला असेल, तर ड्रॉपमध्ये मागे थांबलेल्या सेंटरपर्यंत प्रत्येक गार्ड मोकळाच येऊन धडकतो. बाहेरचे बचावपटू पायांनी चपळ असतील, तरच म्हातारा सेंटर परवडतो.

पैशाचा हिशेब

२०२५-२६च्या हंगामात दहा किंवा अधिक वर्षे खेळलेल्या खेळाडूचे किमान वेतन सुमारे ३६ लाख ३४ हजार डॉलर आहे. दोनच वर्षे खेळलेल्याचे सुमारे २२ लाख ९६ हजार. साध्या तर्काने संघ तरुणाकडे वळले असते. तसे होऊ नये म्हणून लीगची एक सोय आहे: अनुभवी खेळाडूला एका वर्षाचा किमान करार दिला, तर संघाच्या खात्यात फक्त २२ लाख ९६ हजारच धरले जातात, वरचे साधारण १३ लाख ३८ हजार लीग भरते. करार दोन वर्षांचा केला की ही सवलत जाते आणि पूर्ण रक्कम संघाच्या माथी. अनुभवी सेंटरांचे करार वर्षा-वर्षाचे का दिसतात, त्याचे हे एक मोठे कारण.

हे पैसे दिवसाच्या हिशेबाने मिळतात. हंगाम १७४ दिवसांचा, म्हणजे दिवसाला सुमारे २१ हजार डॉलर. जानेवारीच्या मध्यावर सही केली तर खर्च जवळपास निम्मा. संघ ऑक्टोबरात पंधरा खेळाडूंपैकी शेवटची, पंधरावी जागा मोकळी सोडतात, ती आळसाने नव्हे.

आता लक्झरी टॅक्स, म्हणजे संघाचा एकूण पगारखर्च ठरलेल्या मर्यादेवर गेला की भरावा लागणारा कर. २०२५-२६मध्ये त्याची मर्यादा १८ कोटी ७९ लाख डॉलरच्या आसपास आहे. जितके वर जाल तितका दर वाढतो. तिसऱ्या टप्प्यात प्रत्येक डॉलरमागे साडेतीन डॉलर कर, आणि वारंवार मर्यादा ओलांडणाऱ्या संघाला त्याहून बराच जास्त. तिसऱ्या टप्प्यातल्या संघाने २२ लाख ९६ हजारांचा "स्वस्त" सेंटर घेतला, तर कर ८० लाखांच्या वर, एकूण बोजा १ कोटी ३ लाख डॉलर. बेंचच्या टोकाला बसणाऱ्या माणसासाठी! मालक सही लांबवतो तेव्हा चाहते त्याला कंजूष म्हणतात, पण हा आकडा त्यांच्यासमोर नसतो.

कराच्याही वर दोन पायऱ्या आहेत, त्यांना एप्रन म्हणतात. २०२५-२६मध्ये पहिली सुमारे १९ कोटी ५९ लाखांवर, दुसरी २० कोटी ७८ लाखांवर. दुसऱ्या एप्रनच्या वरच्या संघाला बाहेरच्या मोकळ्या खेळाडूला किमान वेतनाशिवाय काही देताच येत नाही. त्याच्या खाली राहिलात, तर करदात्या संघांसाठीची ५६ लाख ८५ हजारांची सवलत वापरता येते. गोल्डन स्टेटने २०२५मध्ये ३९ वर्षांच्या हॉरफर्डला याच सवलतीतून दोन वर्षांचा करार दिला. गंमत अशी की ही सवलत वापरली की त्या हंगामात दुसरा एप्रन ओलांडता येत नाही. म्हणून संघातल्याच जोनाथन कुमिंगाचा करार किती रकमेवर मिटतो हे कळेपर्यंत हॉरफर्डचा करार लांबला, आणि जुलैत सगळ्यांना ठाऊक असलेली सही ऑक्टोबर उजाडल्यावर जाहीर झाली.

फेब्रुवारीतला बाजार निराळा. संघांमधल्या खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत संपली की खालच्या क्रमांकाचे संघ मोठ्या कराराच्या वयस्क खेळाडूंशी तडजोड करून त्यांना सोडतात. यात दोन अटी महत्त्वाच्या आहेत. खेळाडूला जुन्या संघाने १ मार्चपर्यंत सोडलेले असले पाहिजे, नाहीतर नव्या संघाकडून तो प्लेऑफ खेळू शकत नाही. आणि पहिल्या एप्रनच्या वरचा संघ असा खेळाडू घेऊ शकत नाही, ज्याचा जुना पगार मिड-लेव्हल सवलतीपेक्षा, म्हणजे २०२५-२६मध्ये सुमारे १ कोटी ४१ लाख डॉलरपेक्षा, जास्त होता. पूर्वी श्रीमंत संघ मार्चमध्ये अशी नावे गोळा करत, त्याला या अटीने बराच चाप बसला.

सर्वात कमी धोक्याचा मार्ग म्हणजे १० दिवसांचा करार. तो ५ जानेवारीपासून करता येतो. एका संघाबरोबर हंगामात दोनदा, मग उरलेल्या हंगामासाठी ठेवा किंवा सोडा. २० जानेवारी २०१३ला मायामीने ३४ वर्षांच्या क्रिस अँडरसनला असाच घेतला. थोड्याच दिवसांत संघाची सलग २७ विजयांची मालिका सुरू झाली आणि जूनमध्ये विजेतेपद आले. दहा दिवस संपल्यावर हात झटकून मोकळे होता येते, इतकी स्वस्त चाचणी दुसरी नाही.

सही करण्याआधी काय तपासतात

वैद्यकीय तपासणीत सेंटरच्या बाबतीत चार जागा पहिल्यांदा पाहतात: गुडघ्याची कूर्चा, टाचेमागची अकिलीस शीर, कमरेच्या चकत्या आणि पावलाची हाडे. सव्वाशे किलोचा भार आयुष्यभर याच जागांवर पडलेला असतो. याओ मिंगची कारकीर्द पावलाच्या हाडांनी संपवली.

त्यानंतर बंद दाराआडची चाचणी. इथे त्याचे शॉट पाहण्यात फारसा अर्थ नसतो. एकटा असताना सगळेच शॉट टाकतात. पाहायचे ते दमल्यावर. आधी दहा मिनिटे कोर्टच्या दोन्ही टोकांना पळवायचे, मग लगेच पिक-अँड-रोलचे बचाव लावायचे. ड्रॉपमध्ये मागे सरकताना तो कमरेतून वाकलेला राहतो की सरळ ताठ उभा होतो? ताठ झाला की पाय संपले असे समजायचे. मग रिंगवर सलग तीन उड्या, आणि तिसरीत बोटे कुठवर पोहोचतात ते पाहायचे.

व्हिडिओ पाहताना मागच्या हंगामातले लागोपाठच्या दोन रात्रींपैकी दुसऱ्या रात्रीचे सामने काढतात, त्यातही चौथा क्वार्टर. आकड्यांत रिबाउंडची सरासरी फसवी असते, कारण चांगला सेंटर समोरच्याला अडवून धरतो आणि चेंडू सहकारी उचलतो. त्यापेक्षा तो कोर्टावर असताना संघाला किती टक्के रिबाउंड मिळतात, प्रतिस्पर्धी रिंगजवळ किती टक्के शॉट टाकतो आणि दर ३६ मिनिटांमागे तो किती फाउल करतो, हे पाहावे. फाउल वाढत असतील तर पाय उशिरा पोहोचताहेत. दोन हंगामांत डंक घटून त्यांची जागा साध्या लेअपने घेतली असेल, तरी निष्कर्ष तोच. आणि तीनशे-चारशे मिनिटांच्या आकड्यांवर कशाचीच खात्री बाळगू नये. एवढ्या थोड्या वेळात समोरच्याचे चार तीन पॉइंटर जास्त पडले तरी चित्र उलटते.

फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारे मोकळे शॉट) स्वतंत्रपणे पाहायचे. कमकुवत फ्री थ्रोवाल्यावर प्रतिस्पर्धी अटीतटीच्या सामन्यात मुद्दाम फाउल करतात. मे २०२५मध्ये गोल्डन स्टेटने ह्यूस्टनच्या स्टीव्हन ॲडम्सवर तेच केले. तो सामना ह्यूस्टनने जिंकला, ॲडम्सने १६ पैकी ९ टाकले. पण १६ पैकी ६ टाकणारा असता, तर प्रशिक्षकाला त्याला बाहेर काढावेच लागले असते. प्रत्येक क्वार्टरच्या शेवटच्या दोन मिनिटांत चेंडूपासून दूर असलेल्याला असा फाउल केला, तर एक फ्री थ्रो आणि चेंडूही मिळतो, म्हणून त्या वेळात ही युक्ती थांबते. बाकीची चाळीस मिनिटे मात्र उघडी असतात.

मिनिटे कशी वाटायची

मुख्य सेंटर ३२ मिनिटे खेळतो असे धरू. उरली १६. ती साधारणपणे दोन तुकड्यांत येतात: पहिल्या क्वार्टरची शेवटची चार आणि दुसऱ्याची पहिली चार, पुन्हा तिसऱ्या-चौथ्याच्या सांध्यावर तसेच. मधे तासभर बसणे हा वयस्क शरीराचा शत्रू. अंग थंड पडते, पाठ आखडते. म्हणून बेंचमागे स्थिर सायकल असते आणि उतरायच्या चार-पाच मिनिटे आधी तो त्यावर बसतो. काहींना म्हणूनच सामना सुरू करून द्यायला आवडते: सराव ताजा असतानाच सात-आठ मिनिटे खेळायचे आणि नंतर कमी.

लागोपाठच्या दोन रात्रींपैकी एका रात्री विश्रांती हा तर करारातला न लिहिलेला भाग असतो. बॉस्टन हॉरफर्डला असेच वापरत असे. अशा जोड्या प्रत्येक संघाच्या वाट्याला हंगामात पंधराच्या आसपास येतात, म्हणजे ८२पैकी तितके सामने तो नसणारच. त्या रात्रींसाठी तिसरा सेंटर लागतो. तो सहसा टू-वे करारावरचा (मुख्य संघ आणि खालच्या लीगचा संघ, दोन्हीकडे खेळणारा) तरुण असतो: संघात अशा तीन जागा, प्रत्येकाला जास्तीत जास्त ५० सामने, आणि प्लेऑफ खेळता येत नाही. शेवटच्या अटीमुळेच पंधराव्या जागेवर अनुभवी माणूस हवासा वाटतो. एप्रिलनंतर तो तरुण उतरूच शकत नाही.

कुठे फसते

किमान वेतनाचा करार फसला तर पैशाचे नुकसान क्षुल्लक. खरे नुकसान तेव्हा होते, जेव्हा म्हाताऱ्या सेंटरवर विसंबून संघ दुसरे काही सोडून देतो. २०१०च्या उन्हाळ्यात बॉस्टनने ३८ वर्षांच्या शकील ओनीलला किमान वेतनावर घेतले. तो खेळला तेव्हा बरा खेळला. फेब्रुवारी २०११मध्ये त्यांनी २६ वर्षांचा केंड्रिक पर्किन्स ओक्लाहोमा सिटीला देऊन जेफ ग्रीन घेतला. ओनील आहेच, हे गृहीत होते. तो मात्र महिन्याच्या सुरुवातीपासून पायाच्या दुखण्याने बाहेर होता. पूर्ण हंगामात त्याचे ३७ सामने झाले, प्लेऑफमध्ये दोन सामन्यांत मिळून १२ मिनिटे. मायामीने बॉस्टनला ४-१ने हरवले, जूनमध्ये ओनील निवृत्त झाला. करार चुकला नव्हता. पर्किन्सला सोडताना त्या करारावर जेवढा भार टाकला, तेवढा तो पेलणारा नव्हता.

दुसरी चूक वर्षांची. ऑगस्ट २००१मध्ये टोरांटोने ३८ वर्षांच्या हकीम ओलाजुवानसाठी ड्राफ्टमधले (नवे खेळाडू निवडण्याचे) हक्क दिले आणि तीन वर्षांचा, १ कोटी ८० लाख डॉलरचा करार स्वीकारला. ६१ सामने, सरासरी ७.१ गुण, आणि पुढच्या शरद ऋतूत पाठीच्या दुखण्याने निवृत्ती. एक वर्ष मिळाले, सही तिनाची होती.

याच्या उलट डिकेंबे मुटोम्बो. ह्यूस्टनमध्ये तो याओ मिंगचा बदली होता, काम फक्त बचाव आणि रिबाउंड. २ मार्च २००७ला, चाळिशीत, त्याने डेन्व्हरविरुद्ध २२ रिबाउंड घेतले. फेब्रुवारी २००८मध्ये याओचे पाऊल मोडले तेव्हा ह्यूस्टन सलग १२ सामने जिंकलेला होता. ४१ वर्षांच्या मुटोम्बोला सुरुवातीच्या पाचांत घेऊन त्यांनी आणखी १० जिंकले. हे जमले, कारण बचावाची पद्धत बदलावीच लागली नाही. याओही ड्रॉपमध्येच खेळायचा. मुख्य सेंटर आणि बदली एकाच पद्धतीचे असणे ही साधी गोष्ट आहे, पण स्विच करणाऱ्या तरुण सेंटरमागे ड्रॉपवाला म्हातारा ठेवणारे संघ आजही दिसतात, आणि दर आठ मिनिटांनी त्यांच्या गार्डांचा गोंधळ उडतो.

तिसरी चूक प्रशिक्षकाची: जपून ठेवायच्या माणसाला सवयीने खेळवत राहणे. लेकर्सनी जॉर्डनला २०२२मध्ये १ मार्चच्या मुदतीत सोडले, म्हणून त्याला फिलाडेल्फियाकडून प्लेऑफ खेळता आले. मे महिन्यात जोएल एम्बीड चेहऱ्याच्या हाडाला मार लागून मायामीविरुद्धच्या पहिल्या दोन सामन्यांना मुकला. प्रशिक्षक डॉक रिव्हर्स यांनी दोन्ही सामने जॉर्डनला घेऊन सुरू केले. मायामीचा बॅम ॲडेबायो चपळ, पंधरा फुटांवरून चेंडू खेळवणारा सेंटर, म्हणजे हॉवर्डला २०२०च्या शेवटच्या सामन्यात ज्याच्यासमोर बसवले होते तोच. दोन्ही सामने फिलाडेल्फियाने गमावले.

पुढच्या हंगामात जॉर्डन डेन्व्हरला गेला. तिथे प्रशिक्षक मायकेल मलोन यांनी हंगामभर त्याला अधूनमधून वापरले. प्लेऑफमध्ये योकिच विश्रांती घेई ती मिनिटे मात्र त्यांनी जेफ ग्रीन आणि ॲरन गॉर्डन या फॉरवर्डांना (सेंटरपेक्षा सहसा बुटक्या खेळाडूंना) दिली आणि जॉर्डनला बेंचवर ठेवले. जून २०२३मध्ये डेन्व्हर पहिल्यांदा विजेता झाला. जॉर्डनचा करार किमान वेतनाचा होता, आणि त्यानंतरच्या दोन हंगामांसाठीही डेन्व्हरने त्याला ठेवून घेतले.